लसीनंतर बाळाच्या पायाला इजा झाली, तर भरपाई कोणाकडे मागायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. राजापूर तालुक्यातल्या तुमच्या बहिणीने साडेतीन महिन्यांच्या मुलीला उपकेंद्रातल्या सत्रात लस दिली. तिसऱ्या दिवशी डावी मांडी सुजली, ताप चढला, आठवडा व्हायच्या आत पू झाला. कोल्हापूरच्या खाजगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेव्हा संसर्ग खुब्याच्या सांध्यापर्यंत पोचला होता. आता मुलगी आठ महिन्यांची आहे, पाय पूर्ण हलवत नाही, आणि दोन्ही पायांच्या लांबीत पुढे फरक पडू शकतो असं डॉक्टर म्हणतात. खर्च सव्वादोन लाखांवर गेला, त्यातले निम्मे तुम्ही मुंबईहून पाठवलेत. त्याच सत्रात लस घेतलेल्या वाडीतल्या दुसऱ्या मुलाचीही मांडी सुजली होती, पण तो औषधांवर बरा झाला. तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: लस कंपनीवर केस होईल का, सरकार भरपाई देतं का, किती मिळेल, आणि पुढचे डोस द्यायचे की थांबायचं.

मी चोवीस वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या न्यायालयांत वकिली करतोय, आणि त्यातली बरीच वर्षं वैद्यकीय हलगर्जीच्या दाव्यांत गेली आहेत. बहुतेक नातेवाईक माझ्याकडे ‘कोणावर केस करायची’ या प्रश्नाने येतात. तुमचा खरा प्रश्न त्याच्या एक पाऊल आधीचा आहे: नेमकं काय चुकलं, आणि ते कुठल्या कागदावर लिहिलं गेलंय? आपल्या कायद्यात लसीमुळे इजा झाली एवढ्यावर भरपाई मिळत नाही. कोणाच्या तरी हातून चूक झाली किंवा मालात दोष होता, हे दाखवावं लागतं. म्हणून आधी चूक शोधू, मग न्यायालय.

लस दिल्यानंतर जी काही तब्येत बिघडते तिला आरोग्य खातं एईएफआय म्हणतं, म्हणजे लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना. तिची कारणं पाच प्रकारची धरतात. लसीच्या स्वतःच्या गुणधर्मामुळे झालेली प्रतिक्रिया, हा पहिला प्रकार. यात कोणाचीच चूक नसते. दुसरा, लसीच्या उत्पादनातला दोष. तिसरा, लस साठवताना, तयार करताना किंवा टोचताना झालेली चूक. चौथा, सुईच्या भीतीने येणारी भोवळ वगैरे. आणि पाचवा निव्वळ योगायोग, म्हणजे आजार तसाही होणारच होता आणि लस नेमकी त्याच आठवड्यात दिली गेली. केंद्र, राज्य आणि जिल्हा पातळीवर यासाठी समित्या आहेत. गंभीर प्रकरणात कारण ठरवून त्या निष्कर्षाला ए, बी, सी किंवा डी असा वर्ग देतात. ए म्हणजे लसीकरणाशी संबंध जुळतो, बी म्हणजे नक्की सांगता येत नाही, सी म्हणजे संबंध नाही, डी म्हणजे माहितीच अपुरी. ए मध्येही उपवर्ग आहेत, आणि टोचण्यातली चूक ए-3 मध्ये येते. तुमच्या भाचीच्या प्रकरणात सगळं या एका अक्षर-आकड्याभोवती फिरणार आहे.

आता तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला काय दिसतं ते सांगतो. साडेतीन महिन्यांच्या भेटीत पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा, तिसरा डोस डाव्या मांडीत देतात, म्हणजे सूज आली ती जागा जुळते. पेंटाव्हॅलंटची बाटली एकाहून जास्त मुलांसाठी असते. उघडलेली बाटली ठरावीक अटी पाळून 28 दिवसांपर्यंत पुढच्या सत्रांत वापरता येते, त्यासाठी तिच्यावर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहावी लागते. हाताळणीत स्वच्छता राहिली नाही तर जंतू शिरायला इथे वाट असते. एकाच दिवशी एकाच ठिकाणी दोन मुलांना तसाच त्रास झाला, ही तुमच्या बाजूची सगळ्यात वजनदार गोष्ट आहे. एका मुलाच्या बाबतीत योगायोग म्हणता येतो. दोन मुलांच्या बाबतीत, तेही एकाच बाटलीतली लस असेल तर, योगायोग म्हणणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागतं.

दुसरी बाजूही ऐकून ठेवा, कारण समोरचा वकील ती मांडणारच. तान्ह्या बाळाच्या खुब्याच्या सांध्यात रक्तावाटे संसर्ग जाऊ शकतो, त्याला सुई लागतेच असं नाही. म्हणून कोल्हापूरला काढलेल्या पुवाची कल्चर तपासणी, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, झाली होती का, हे आज विचारा. मांडीतला पू आणि सांध्यातला पू, दोन्हींत एकच जंतू निघाला असेल तर साखळी जुळते. तपासणीत जंतू वाढलाच नसेल तरी लगेच निराश होऊ नका. आधी गावात अँटिबायोटिक दिलेलं असेल तर तसं होतं. पण मग ते औषध कधी, कोणी दिलं त्याचा कागद लागेल. आणि जंतू नसलेला पूही असतो. गोठून गेलेली लस टोचली तर टोचल्या जागी प्रतिक्रिया जास्त येते. तेव्हा चौकशीचा रोख आरोग्य केंद्रातल्या फ्रिजच्या तापमान नोंदवहीकडे वळवावा लागतो.

हे मी इतकं ताणून का सांगतोय, त्यासाठी आपल्याच मुंबईशी जोडलेली एक जुनी घटना सांगतो. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचल्यावर 19 माणसं धनुर्वाताने मेली. लस वाल्डेमार हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेतली होती. दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना काम सोडावं लागलं. मग तपशील पाहिला तर मेलेले सगळेच्या सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते, आणि ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन यांच्यावरचा ठपका 1907 मध्ये दूर झाला. आज परळची ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. लस तीच, माणसं त्याच गावची, पण जबाबदारी प्रयोगशाळेची की टोचणाऱ्या हाताची हे एका बाटलीने आणि एका चिमट्याने ठरवलं. तुमच्या प्रकरणात ती बाटली कोणती होती, हे शोधायचं आहे.

यावरूनच कंपनीच्या प्रश्नाचं उत्तर येतं. कंपनीवर जायचं तर त्या बॅचमध्येच दोष होता हे दाखवावं लागेल. तसं असतं तर त्याच बॅचची लस गेलेल्या इतर गावांतूनही तक्रारी आल्या असत्या. शिवाय संशयास्पद बाटल्या थंड साखळीत ठेवून तपासणीला पाठवायच्या असतात, लसींची केंद्रीय तपासणी कसौलीच्या प्रयोगशाळेत होते. साडेचार महिन्यांनंतर ती उघडी बाटली मिळण्याची आशा मला नाही. दोनच मुलं आणि तीही एकाच सत्रातली, असं असताना मी कंपनीला पहिला प्रतिवादी करणार नाही. बॅच क्रमांक मात्र मागून घ्या, पुढे काही निघालं तर दार उघडं राहील.

सरकार भरपाई देतं का? नेहमीच्या लसीकरणात इजा झाली म्हणून, चूक सिद्ध न करता, ठरावीक रक्कम देणारा कायदा आपल्या संसदेने केलेला नाही. अमेरिकेत 1986 च्या कायद्याने असा निधी उभा केला, तिथे लसीच्या प्रत्येक डोसवर छोटा कर आहे आणि त्यातून इजा झालेल्यांना पैसे मिळतात. ब्रिटनमध्ये 1979 पासून गंभीर अपंगत्व आल्यास ठोक रक्कम मिळते. आपल्याकडे मात्र एक विचित्र तफावत आहे. नव्या लसीच्या चाचणीत कोणी भाग घेतला आणि त्या चाचणीमुळे इजा झाली, तर 2019 च्या नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या नियमांनुसार उपचार आणि भरपाई दोन्ही मिळतात. रक्कम काढायचं सूत्रसुद्धा नियमातच दिलंय, त्यात आठ लाख हा पाया धरून वय आणि जोखीम मोजतात. तीच लस उद्या राष्ट्रीय कार्यक्रमात आली आणि वाडीतल्या बाळाला दिली, की ते सूत्र लागू नाही. चाचणीतला माणूस सही करून धोका पत्करतो. बाळाची आई तर आशाताईने घरी येऊन सांगितलं म्हणून, सगळ्या गावाचं भलं आहे म्हणून, बाळ घेऊन उपकेंद्रात जाते. गावातली दोनशे मुलं गोवरापासून वाचतात, त्याचा लाभ सगळ्यांना आहे. मग हजारात, लाखात एखाद्या मुलाला कोणाचीच चूक नसताना इजा झाली तर तिचा भार एकट्या घराने का उचलायचा? हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, आणि लसीकरणावर माझा पूर्ण विश्वास आहे म्हणूनच जास्त वाटतं. पण तुमच्या भाचीचं प्रकरण सुदैवाने या पोकळीत अडकलेलं नाही. इथे चूक झाली असावी अशी चिन्हं आहेत, आणि चुकीला आपला कायदा उत्तर मागतो.

आता कागदांकडे. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

पहिलं काम: ही घटना एईएफआय म्हणून नोंदली गेली आहे का ते तपासा. बाळ रुग्णालयात दाखल झालं, म्हणजे नियमाप्रमाणे ही गंभीर घटना आहे, तिचा नोंदणी अर्ज भरून वर जायलाच हवा होता. पण कोकणातली अडचण अशी की लस राजापुरात, उपचार कोल्हापुरात. सिंधुदुर्गातल्या लोकांचं तर आणखी अवघड, ते गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जातात, म्हणजे राज्यच बदलतं. घाटाच्या वरचा डॉक्टर पू काढतो, बाळाला वाचवतो, आणि लसीचा इतिहास केसपेपरवर एका ओळीत राहून जातो. खालच्या आरोग्य केंद्राला बाळ दाखल झाल्याचंही कधीकधी माहीत नसतं. नोंद झाली नसेल तर बहिणीच्या सहीने तीन ठिकाणी अर्ज द्या: प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, आणि रत्नागिरीला जिल्हा परिषदेत जिल्हा माता व बाल संगोपन अधिकारी. अर्जात लसीची तारीख, जागा, पहिलं लक्षण कधी दिसलं, कुठे दाखल केलं, शस्त्रक्रिया कधी झाली आणि त्याच सत्रातल्या दुसऱ्या मुलाला काय झालं, एवढं लिहा. ‘या घटनेची एईएफआय म्हणून चौकशी करून कारणमीमांसा करावी’ हे वाक्य त्यात असूदे. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पोच सांभाळा.

या समित्या कोणाला शिक्षा करायला बसवलेल्या नाहीत, लस सुरक्षित राहावी म्हणून त्या कारण शोधतात. न्यायालयावर त्यांचा निष्कर्ष बंधनकारक नसतो. तरीही तो निष्कर्ष ए-3 आला तर तुमच्या दाव्याचा अर्धा भार उतरतो. आणि चौकशीच झाली नसेल तर समोरचे एवढंच म्हणतात, ‘संबंध सिद्ध नाही.’

दुसरं काम, उपचाराची सगळी कागदपत्रं. डिस्चार्ज कार्डावर थांबू नका. शस्त्रक्रियेची टिपणं, नर्सिंग चार्ट, कल्चरचा अहवाल, एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या फिल्मा, बिलं, सगळं मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात, आणि ते तीन वर्षं जपून ठेवणं बंधनकारक आहे. लेखी मागा, तोंडी नको.

तिसरं, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. आरोग्य केंद्राकडून त्या तारखेच्या सत्राची लाभार्थी यादी आणि टॅली शीट (किती मुलांना कुठली लस दिली त्याचा तक्ता), त्या दिवशी उपकेंद्राला दिलेल्या लसीचा बॅच क्रमांक आणि बाटल्यांची संख्या, परत आलेल्या उघड्या बाटल्यांची नोंद, आणि आधीच्या महिन्याची फ्रिजची तापमान नोंदवही यांच्या प्रती मागा. ‘काय झालं?’, ‘का झालं?’ असे प्रश्न अर्जात विचारू नका, त्यांना उत्तर देता येत नाही असं सांगून अर्ज परत येतो. असलेल्या कागदाची प्रत मागा, ती नाकारणं अवघड असतं.

काही वर्षांपूर्वी एक जोडपं माझ्याकडे आलं होतं, त्यांचं बाळ लसीनंतर दुसऱ्या दिवशी गेलं होतं. मी कार्ड मागितलं. आईने पदरातून काढून दिलं, त्यावर तारीख होती, सही होती, बॅच नव्हती. ती म्हणाली, ‘कार्डावर कायच लिहिल्यान नाय, वकीलसाहेब.’ मी विचारलं, शवविच्छेदन झालं का? बाप खाली बघत राहिला. घरच्यांनी नको म्हटलं होतं, एवढ्याशा जीवाची चिरफाड कशाला म्हणून. मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही. त्या रात्री कोणीही तेच म्हटलं असतं. पण बाळ का गेलं हे सांगणारी गोष्ट त्या रात्रीच संपली होती. लसीमुळे असेल, श्वास अडकून असेल, जन्मजात हृदयविकार असेल. मी तो दावा केला नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणावर तशी वेळ आली, तर त्या क्षणी जवळच्या एखाद्या माणसाने तरी शवविच्छेदनाचा आग्रह धरावा. भरपाईसाठी सोडा, आईला पुढची कित्येक वर्षं ‘माझ्यामुळे झालं का’ हा प्रश्न पडू नये म्हणून.

आता न्यायालय कुठलं. बहुतेकांना ग्राहक आयोग आठवतो, कारण तिथे खर्च कमी आणि पद्धत सोपी. पण सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात स्पष्ट सांगितलं की जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते, ती ग्राहक कायद्यातली सेवा नाही. नोंदणीचे नाममात्र पैसे घेतले किंवा आपण सरकारला कर भरतो, म्हणून फरक पडत नाही. उपकेंद्रातली लस मोफत होती, म्हणून तुमच्यासाठी हे दार बंद. हीच लस खाजगी दवाखान्यात पैसे देऊन घेतली असती तर गोष्ट वेगळी. तेव्हा 2019 च्या ग्राहक कायद्याखाली डॉक्टरवर सेवेतल्या त्रुटीसाठी आणि कंपनीवर सदोष मालासाठी तक्रार करता आली असती. मुदत दोन वर्षं, आणि कंपनी पुण्याची असो की हैदराबादची, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. खाजगीत लस घेणाऱ्या वाचकांनी बिल आणि बाटलीवरचं बॅचचं स्टिकर ठेवावं, एवढं सांगून पुढे जातो.

तुमच्यासाठी दोन रस्ते उरतात. एक, दिवाणी दावा. सरकारी नोकराच्या हलगर्जीची भरपाई सरकारने द्यायची, हे हरियाणा राज्य विरुद्ध संत्रा या 2000 च्या निकालाने पक्कं आहे. ते प्रकरण सरकारी रुग्णालयात फसलेल्या नसबंदीचं होतं. दावा मुलीच्या नावाने, आई किंवा बाप वादमित्र म्हणून, म्हणजे अज्ञान मुलीच्या वतीने दावा चालवणारे म्हणून. सरकारवर दावा करण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं आहे, म्हणून तिलाही वेगळी नोटीस मी नेहमी देतो.

दुसरा रस्ता उच्च न्यायालयात रिट याचिका. जीविताच्या हक्कावर घाला आला तर न्यायालय थेट भरपाई देऊ शकतं, हे 1993 च्या नीलाबती बेहेरा निकालापासून स्थिर आहे. पण तिथे साक्षीपुरावा घेत नाहीत, कागदावर तथ्य निर्विवाद असेल तरच हा रस्ता उपयोगी. म्हणून मी म्हणतोय की ए-3 चा कागद हातात आला तर रिटचा विचार करू, नाही आला तर दिवाणी दावा. पूर्वी यासाठी रात्रीची कोकण रेल्वे धरून मुंबईला जावं लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्यात येतात. राजापूरकरांना अणुस्कुरा घाट चढला की झालं. भाचीला तपासणीला नेता, त्याच फेरीत वकिलालाही भेटता येईल. रायगडकरांना अजून मुंबईच.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर हे लक्षात घ्या: विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. राजापूरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे बहिणीने अर्ज करावा.

मुदतीबद्दल जरा सावध करतो. मूल अज्ञान असल्याने त्याच्या स्वतःच्या हक्काची मुदत ते सज्ञान झाल्यावर सुरू होते, हे खरं. पण आईबापांनी केलेल्या खर्चाची मागणी आईबापांची असते, तिला ही सवलत नाही. आणि कायद्याने सोपवलेलं काम करताना झालेल्या इजेच्या दाव्याला एकच वर्ष मिळतं, असा मुद्दा सरकारी वकील काढू शकतात. म्हणून मी अशा प्रकरणात लस दिल्याच्या दिवसापासून एक वर्ष हीच माझी मुदत धरून चालतो. तुमचे साडेचार महिने गेले आहेत. समितीच्या निष्कर्षाची वाट बघत नोटीस थांबवू नका, दोन्ही कामं सोबत चालू द्या.

किती मिळेल? आकडा मी सांगणार नाही, आणि पहिल्याच भेटीत आकडा सांगणाऱ्या वकिलापासून जपा. काय काय मागता येतं ते सांगतो. झालेला खर्च, पुढच्या शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी, कोल्हापूरच्या फेऱ्या, आईची बुडालेली मजुरी, मुलीच्या वेदना, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर त्याची भरपाई. शेवटची बाब सगळ्यात मोठी आणि सगळ्यात अनिश्चित आहे. बाळाचं हाड वाढतंय, पाय किती आखूड राहील हे आठव्या महिन्यात कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी अस्थिरोगतज्ज्ञाकडून पायाची मोजमापं लिहून घ्या, आणि दाव्यात पुढच्या उपचारांची मागणी राखून ठेवा. तोपर्यंत खिशातून जाणारा पैसा थांबवायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. ही मदत घेतल्याने दावा कमजोर होत नाही.

पोलिसांत जायचं का, असंही तुमच्या भावजींनी विचारलंय. माझं मत नाही असं आहे. वैद्यकीय हलगर्जीत गुन्हा सिद्ध व्हायला ती अतिशय ढोबळ असावी लागते, हे जेकब मॅथ्यू प्रकरणात 2005 मध्येच ठरलंय, आणि दिवाणी भरपाईला तेवढी पातळी लागत नाही. शिवाय गुन्हा नोंदला की एकटी आरोग्य सेविका पुढे येते आणि मागची सगळी माणसं गप्प होतात. तिला बाटल्या कोणी, कशा अवस्थेत दिल्या, एका दिवसात किती वाड्या करायला लावल्या, हे विचारायची संधी जाते. पावसाळ्यात छत्री आणि लसीचा डबा सांभाळत चढण चढणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. चूक झाली असेल तर तिची भरपाई व्यवस्थेने द्यायची आहे.

कोविडच्या लसीबद्दल इथे इतरांनीही विचारलंय म्हणून थोडक्यात. 2021 मध्ये कोविड लसीनंतर मुली गमावलेल्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात भूमिका घेतली की लस ऐच्छिक होती, सरकार जबाबदार नाही, पालकांनी दिवाणी न्यायालयात जावं. रचना गंगू विरुद्ध भारत सरकार असं त्या प्रकरणाचं नाव आहे. तुमचं प्रकरण कोविड लसीचं असेल तर नोटीस पाठवण्याआधी यातले अगदी ताजे आदेश वकिलाला काढायला सांगा. 2 मे 2022 च्या जेकब पुलियल निकालाने कोणालाही लसीची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं, आणि दुष्परिणामांचे अहवाल लोकांसमोर ठेवायला सांगितले. तो दुसरा भाग तुमच्या उपयोगाचा आहे.

तर या आठवड्यात करायचं ते इतकंच: एईएफआयचे तीन अर्ज, कोल्हापूरच्या रुग्णालयाला कागदांची लेखी मागणी, माहिती अधिकाराचा अर्ज. त्या दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांशीही बोला. त्यांच्याकडचा साधा औषधाचा चिठोरा, तारखेसह, तुमच्या भाचीच्या दाव्यात मोलाचा ठरेल. नोटीस पुढच्या महिन्याभरात.

राहिला डोसचा प्रश्न. काही नातेवाईकांना वाटतं की पुढची लस दिली तर न्यायालय म्हणेल, मग तुमची तक्रार कसली. तसं होत नाही, माझ्या कुठल्याही प्रकरणात झालेलं नाही. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाचा डोस येतो, म्हणजे तुमच्याकडे महिनाभर आहे. तिला ज्यांनी तपासलंय त्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, आणि ‘लस द्यावी’ किंवा ‘इतके दिवस थांबावं’ हे त्यांच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. गोवर-रुबेलाची बाटली पातळ केल्यापासून चार तासांतच वापरायची असते. बहिणीने सत्राच्या सुरुवातीलाच जावं, बाटलीवरची वेळ बघावी, आणि घरी निघण्याआधी सिस्टरकडून कार्डावर बॅच क्रमांक लिहून घ्यावा.